खोकला आला की पाय आवळून उभ्या राहणाऱ्या ताईंना

वाचकाचं पत्र:

प्रिय ताई,

माझं वय ५४. दोन बाळंतपणं, दोन्ही नॉर्मल. पाळी जाऊन चार वर्षं झाली. गेली सहा-सात वर्षं खोकला किंवा शिंक आली, जोरात हसले, भरलेली बादली उचलली की लघवी सुटते. आधी कधीतरी व्हायचं, आता रोजचं झालंय. वर्षभरापासून आणखी एक सुरू झालं. बाहेरून येते, कुलपात किल्ली घालते आणि इतकी घाई लागते की बाथरूमपर्यंत पोचायच्या आत कपडे ओले होतात. घरातून निघताना दोनदा जाऊन येते. पाणी निम्म्यावर आणलंय, तरी फरक नाही. पाळीचे पॅड रोज लावते, जांघेत लाल चट्टे उठलेत. नवऱ्याला सांगितलेलं नाही. एकदा धीर करून डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले, वय झालं की असं होतंच. माझ्या आईलाही व्हायचं, ती शेवटपर्यंत कोणाशी बोलली नाही. चार महिन्यांनी मुलगी मला सहलीला नेणार म्हणते, बसचा सहा तासांचा प्रवास आहे. मी काहीबाही कारणं सांगतेय. कुठेतरी वाचून लघवी करताना मध्येच धार थांबवायचा व्यायाम करते, तो बरोबर आहे ना? की ऑपरेशनच करावं लागेल?

— नाव नको


ताई,

‘वय झालं की असं होतंच’ या एका वाक्याने तुमची वर्षं वाया घालवली, याचा मला फार राग आला. म्हणून तिथूनच सुरुवात करते. वयाबरोबर लघवी सुटायचं प्रमाण वाढतं, हे खरं. पण वय सांगून कोणालाही तपासणीतून सुटका करून घेता येत नाही, डॉक्टरांनाही नाही. तुमच्या तक्रारीला नाव आहे, कारणं आहेत आणि एकापुढे एक असे ठरलेले उपचार आहेत. त्यातल्या पहिल्या एक-दोन पायऱ्यांवरच पुष्कळ बायकांना इतकं बरं वाटतं की ऑपरेशनचा विषयच निघत नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि गेली कित्येक वर्षं याच स्नायूंचं काम करते. तरीसुद्धा दुसऱ्या बाळंतपणानंतर माझी लघवी सुटायला लागली, तेव्हा मी आठ महिने कोणाला सांगितलं नाही. इतरांना जे व्यायाम शिकवत होते ते स्वतः करायला बसायचं म्हणजे आपल्याला हे झालंय हे कबूल करायचं, आणि तेच जमत नव्हतं. त्यामुळे तुम्ही सात वर्षं का गप्प राहिलात हे मला विचारावं लागत नाही.

तुमच्या पत्रात एक नाही, दोन तक्रारी आहेत आणि त्या वेगवेगळ्या समजून घ्यायला हव्यात, कारण दोन्हींचं काम वेगळं बिघडलंय.

पहिली म्हणजे खोकल्याची, शिंकेची, बादलीची. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. लघवीची पिशवी, गर्भाशय, मोठ्या आतड्याचं शेवटचं टोक, सगळा भार तिच्यावर. आपण खोकलो की पोटातला दाब धाडकन खाली येतो. त्याच क्षणी ही झोळी आवळली गेली तर लघवीची वाट बंद राहते. बाळंतपणात ती ताणली जाते, पाळी गेल्यावर तिथल्या पेशींचा कस कमी होतो. जुना खोकला, बद्धकोष्ठतेत कुंथणं, वाढलेलं वजन, रोजची जड उचल यांनी ती आणखी सैल पडते. मग आवळायला उशीर होतो आणि तेवढ्यात थेंब निसटतात.

दुसरी कुलूप-किल्लीची. ही अगदी नेहमीची, दाराशी आल्यावर घाई लागणाऱ्या बायका मी मोजू शकणार नाही इतक्या पाहिल्यात. यात झोळीचा दोष कमी, लघवीच्या पिशवीचा जास्त. पिशवीत साधारण ३०० ते ५०० मिली मावतं. निम्मी भरत आली की ती पहिली जाणीव देते आणि मेंदू म्हणतो, थांब. तुमची पिशवी हे ‘थांब’ ऐकेनाशी झाली आहे. भरायच्या आधीच ती स्वतःहून आकसते. दार, किल्ली, वाहत्या नळाचा आवाज हे सगळे तिला इशारे वाटायला लागलेत, कारण इतक्या वर्षांत दार उघडलं की आपण लगेच आत जातो, हे तिच्या अंगवळणी पडलंय.

दोन्ही एकत्र असणं अजिबात विचित्र नाही, तुमच्या वयाच्या कितीतरी जणींना दोन्ही असतात. जी जास्त छळते तिच्यापासून सुरुवात करायची. पत्रावरून मला तरी घाई जास्त छळतेय असं वाटतं, पण ते तुम्हीच ठरवा.

आधी डॉक्टर, पण या वेळी तयारीने

स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा मूत्ररोगतज्ज्ञ, कोणाकडेही जा. तोंडातून शब्द फुटणार नाही असं वाटत असेल तर घरूनच चिठ्ठी लिहून न्या आणि बसल्या बसल्या पुढे सरकवा: ‘मला लघवी आवरत नाही. सात वर्षं खोकल्यावर सुटते, वर्षभर घाई लागूनही सुटते. दिवसाला इतके पॅड लागतात. यासाठी बाहेर जाणं सोडलंय. मला तपासणी हवी आहे.’ शेवटचं वाक्य नक्की लिहा. परत कोणी वयावर ढकललं तर उठून दुसरीकडे जा, त्यात काही वाईट वाटून घेऊ नका.

लघवीची तपासणी होईल, कारण जंतुसंसर्ग झाला तरी घाई आणि गळती वाढते आणि तो औषधाने जातो. रक्तातली साखर बघतील. टेबलावर तपासताना खोकायला सांगतील. थेंब आले तर आले, तेच तर त्यांना बघायचं असतं. गर्भाशय किंवा पिशवी खाली उतरली आहे का, म्हणजे ज्याला आपण अंग बाहेर येणं म्हणतो, तेही त्याच वेळी कळतं. लघवी करून आल्यावर सोनोग्राफीत पिशवीत किती उरलं ते मोजायला सांगा. ही छोटी तपासणी फार मोलाची आहे. काहींची पिशवी रिकामीच होत नाही, भरून वाहते. जुन्या मधुमेहात किंवा पुरुषांत प्रोस्टेट वाढल्यावर असं होतं. अशांना घाईची गोळी दिली तर लघवी तुंबूही शकते.

चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या असतात. रक्तदाबाच्याच अल्फा ब्लॉकर जातीच्या गोळ्यांनी लघवीच्या वाटेची पकड सैल होते. रामिप्रिल, एनालाप्रिल अशा रक्तदाबाच्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो आणि खोकल्याबरोबर बाकीचं आलंच. स्वतःच्या मनाने मात्र एकही बंद करू नका. फक्त विचारा, बदलता येईल का.

काही गोष्टींत वाट बघायची नसते. लघवीतून रक्त, ताप आणि कंबरेत कळ, लघवी अजिबात न होणं, दिवसरात्र सतत गळत राहणं, यातलं काही झालं तर लगेच दवाखाना. आणि अचानक पाठ धरून पायांतली ताकद गेली, बसायच्या जागी बधिरपणा आला आणि लघवी-संडासचा ताबा सुटला, तर त्याच क्षणी हॉस्पिटल. मणक्याशी नस दबलेली असू शकते आणि तिथे तासांचा हिशेब असतो.

तीन दिवसांची वही

डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत एक काम करा. एक जुना मोजपात्राचा कप बाथरूममध्ये ठेवा आणि तीन दिवस लिहा. असं:

‘६.३० उठल्यावर, ३५० मिली. ७.०० चहा, एक कप. ७.४० निघण्याआधी, ८० मिली, घाई नव्हती. ७.५० पुन्हा, ३० मिली. ११.१५ शिंक, थोडं सुटलं. १.०५ दाराशी, घाई, कपडे ओले, १२० मिली.’

आता हे पान माझ्या नजरेने वाचा. सकाळी ३५० मिली राहिलं, म्हणजे पिशवी छोटी झालेली नाही, तिच्यात जागा आहे. मग ८० आणि ३० कशाला? ते ‘असू दे’ म्हणून गेलेले. आणि १.०५ ला फक्त १२० मिलीवर तिने आकांत मांडला. रोज ‘असू दे’ म्हणत आपण तिला अर्धी-पाव भरताच रिकामी केली, आता तिला पूर्ण भरायची सवयच राहिली नाही. तुमचे आकडे वेगळे येतील, पण मला खात्री आहे की ‘असू दे’ची ओळ तुमच्याही पानावर असेल.

पाण्याचंही त्याच पानावर दिसेल. पाणी निम्म्यावर आणायची युक्ती सगळ्याच करतात आणि ती उलटते. लघवी गडद, तीव्र होते, पिशवीला टोचते, घाई वाढते. वर पोट कडक होतं आणि कुंथावं लागतं. सगळे द्रव मिळून दिवसाला दीड ते दोन लिटर घ्या (हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच), दिवसभरात विभागून, झोपायच्या दोन-तीन तास आधी आवरतं घेऊन. चहा-कॉफी मात्र हळूहळू कमी करून बघा. त्यातल्या कॅफिनने घाई वाढते, काहींना सोडा घातलेल्या पेयांनीही. एकदम बंद केलीत तर डोकं धरेल, म्हणून आठवडाभरात एकेक कप कमी.

व्यायाम, आणि धार थांबवण्याबद्दल

धार थांबवणं आजपासून बंद. नेमका कुठला स्नायू, हे कळावं म्हणून एखाद्या वेळी करून बघितलं तर चालतं, पण रोजचा व्यायाम म्हणून नको. लघवी करताना पिशवीने आकसायचं आणि झोळीने ढिलं व्हायचं, असा त्यांचा मेळ असतो. तो रोज मोडत राहिलात तर पिशवी नीट रिकामी होत नाही.

आर्नॉल्ड केगल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ मध्ये या व्यायामांवर लिहिलं, तेव्हापासून ते त्यांच्या नावाने ओळखले जातात. सोपे म्हणून सांगितले जातात आणि तिथेच घोळ होतो. नुसतं तोंडी सांगून कितीतरी जणींना जमत नाही. त्या पोट आत ओढतात, कुल्ले आवळतात, मांड्या चिकटवतात, श्वास धरतात, झोळी आपली जिथल्या तिथे. काही जणी तर वर ओढण्याऐवजी खाली जोर देतात, त्याने नुकसानच होतं.

म्हणून पहिल्या दिवशी घाई न करता आडव्या पडा. गुडघे मोडून, पावलं टेकवून. चारचौघांत बसलो आहोत आणि वारा सरेल अशी भीती आहे, असं समजून मागची वाट आवळा. ती आवळलेली ठेवून तीच ओढ पुढे लघवीच्या वाटेपर्यंत आणा आणि सगळं आत, वर उचला. एखादं छोटं फडकं बोटांच्या चिमटीत धरून वर ओढावं तसं. श्वास चालू. पोटावर एक हात ठेवा. बेंबीखाली हलकं आत गेलं तर हरकत नाही, पण पोट फुगलं किंवा कुल्ले वर उचलले गेले तर सोडून पुन्हा सुरुवात. हातात आरसा धरून बघितलंत तर मागची वाट आत ओढली जाताना दिसेल. आंघोळीच्या वेळी स्वच्छ बोट योनीमार्गात घालून आवळलंत तर बोटाभोवती पकड आणि थोडी वरची ओढ जाणवेल. काहीतरी खाली येतंय, फुगतंय असं वाटलं तर थांबा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा.

पकड किती वेळ टिकते ते मोजा. तीन सेकंदांत सुटली तर तुमची सुरुवात तीनपासून. तीन सेकंद धरा, सहा सेकंद पूर्ण सोडा. सोडणंही तितकंच मनापासून करा, सतत आवळलेला स्नायू दमतो. असं आठ ते दहा वेळा. मग आठ-दहा झटपट, आवळलं की सोडलं. हा एक फेरा. दिवसातून तीन फेरे. आठवड्याला एखादा सेकंद वाढवत दहा सेकंदांपर्यंत जायचं. आधी आडवं पडून, जमलं की बसून, मग उभ्याने, कारण खोकला आपल्याला बहुधा उभ्यानेच येतो.

तीन महिने. त्याआधी ‘उपयोग नाही’ म्हणायचं नाही. पहिले चार-सहा आठवडे काही दिसणारही नाही कदाचित, आणि बहुतेकजणी तिथेच सोडतात. मीही पाचव्या आठवड्यात सोडलं होतं, बरोबरीच्या एका मैत्रिणीने पुन्हा धरून बसवलं. जमल्यास दोन-तीन वेळा तरी या विषयातल्या फिजिओथेरपिस्टकडे जा. ती हात लावून पकड तपासते, पडद्यावर आकडा दाखवणारं यंत्र लावून स्नायू कुठे आहे ते दाखवते. अजिबातच जाणवत नसेल तर हलका विजेचा प्रवाह देऊन स्नायू जागा करता येतो.

एक गोष्ट मात्र तीन महिने थांबायची नाही, ती आजच शिका. खोकला येतोय हे क्षणभर आधी कळतं. त्या क्षणात आवळा, मग खोका, मग सोडा. आवळा, शिंका, सोडा. बादली उचलताना आवळा आणि श्वास सोडत उचला. स्नायूची ताकद वाढायच्या आधी त्याची वेळ सुधारते, आणि थेंबांचा बराचसा हिशेब या वेळेवरच असतो. काहींना आठवडाभरातच फरक दिसतो.

आता दाराशी

किल्ली हातात आहे, घाईची लाट आली आहे. तुम्ही काय करता? धावता. धावल्याने पोट हिंदकळतं, लक्ष पूर्ण लघवीत, आणि पिशवीला वाटतं, पोचलो.

त्याऐवजी जागेवर थांबा. खरंच थांबा, पायरी असेल तर बसा. पाच-सहा वेळा झटपट आवळा-सोडा करा. झोळी आवळली की तिच्याकडून पिशवीला सैल होण्याचा निरोप जातो. तशी नसांची जोडणीच असते. पायाची बोटं आवळा, शंभरापासून सात-सात वजा करत मागे या, काहीही करा, पण डोकं दुसरीकडे न्या. घाई लाटेसारखी असते, चढते आणि ओसरते. ओसरली की हळू चालत आत जा. चप्पल काढा, पिशवी ठेवा, पंखा लावा आणि मग बाथरूम. पहिल्या काही दिवसांत फसेल, कपडे ओले होतील. तरी करा.

बरोबरीने वेळा बांधा. वहीत दोन वेळांमध्ये सरासरी तासाचं अंतर दिसलं तर तासाला जायचं, घाई असो-नसो. आठवडाभर निभावलं की सव्वा तास. मग दीड. असं पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवत तीन ते साडेतीन तासांवर न्यायचं. याला निदान आठ-दहा आठवडे लागतात. घरातून निघताना दुसऱ्यांदा जाणं पहिल्याच दिवशी बंद. आणि बाथरूममध्ये पूर्ण बसा, अर्धवट उभं राहून, जोर देऊन लघवी करू नका. झालं असं वाटल्यावर अर्धा मिनिट तशाच बसा, थोडं पुढे वाका, उरलेली येईल.

रात्री दोन-तीनदा उठावं लागत असेल आणि संध्याकाळी पाय सुजत असतील, तर दुपारी तासभर पाय उंच ठेवून पडा. पायांत साठलेलं पाणी आडवं झाल्यावरच मूत्रपिंडाकडे येतं, ते रात्रीऐवजी दुपारी येऊ द्या. मोठ्याने घोरत असाल, झोपेत श्वास अडकत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यानेही रात्रीची लघवी वाढते.

वजनाचं तुम्ही काही लिहिलं नाही, म्हणून एवढंच. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात जास्त वजनाच्या ३३८ बायका होत्या. ज्यांनी सहा महिन्यांत सरासरी ८ टक्के वजन उतरवलं, त्यांची गळती जवळपास निम्म्याने कमी झाली. वजन जास्त असेल तर ही वाट लक्षात ठेवा, नसेल तर सोडून द्या.

चट्टे

पाळीचे पॅड रक्तासाठी केलेले असतात. लघवी पातळ आणि एकदम येते, ती त्यात जिरत नाही, कातडीवर राहते. लघवीसाठी वेगळे पॅड मिळतात, त्यांत ओल धरून ठेवणारी जेल असते. ते घ्या, ओले झाले की बदला. फक्त साध्या पाण्याने धुवा, सुगंधी साबण नको, टिपून कोरडं करा आणि झिंक ऑक्साइडच्या मलमाचा अगदी पातळ थर द्या. चट्ट्याभोवती छोटे पुरळ आणि खाज असेल तर बुरशी असू शकते, ती डॉक्टरांना दाखवा. बरं होईपर्यंत पॅड वापरण्यात काही कमीपणा नाही. फक्त पॅड म्हणजेच उपचार, असं होऊ देऊ नका, सात वर्षं तेच झालंय.

औषधं आणि ऑपरेशन

पाळी गेल्यानंतर योनीमार्गात लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम घाईला आणि कोरडेपणाला चांगला आराम देतं. हे डॉक्टरांना तुम्ही होऊन विचारा, कारण बऱ्याचदा राहून जातं. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर आधी सांगा.

व्यायाम आणि वेळा बांधून घाई आटोक्यात आली नाही तर गोळ्या असतात. सोलिफेनासिन, टॉल्टेरोडीन, ऑक्सिब्युटिनिन या एका जातीच्या; त्यांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते आणि उतारवयात विसराळूपणा, गोंधळ होऊ शकतो. काचबिंदू असेल तर आधी सांगायचं. मिराबेग्रॉन वेगळ्या जातीची, तिच्यावर रक्तदाब बघत राहावा लागतो. गुण यायला महिनाभर द्या. गोळ्या खोकल्याच्या गळतीसाठी नाहीत, हे मात्र लक्षात असू द्या. गोळ्यांनीही नाही भागलं तर घोट्याजवळच्या नसेला आठवड्यातून एकदा अर्धा तास, असे बारा वेळा हलके विजेचे झटके, पिशवीच्या भिंतीत बोटॉक्सची (स्नायू सैल करणाऱ्या औषधाची) इंजेक्शनं किंवा पिशवीच्या नसांना हलका विजेचा प्रवाह देणारं, कंबरेत बसवायचं यंत्र असे उपाय आहेत. बोटॉक्सचा असर काही महिने टिकतो आणि काही जणींना त्या काळात नळी घालून लघवी काढावी लागते, हे आधी माहीत हवं.

खोकल्याच्या गळतीला व्यायामाने पुरेसा फरक पडला नाही तर योनीमार्गात आधाराची रिंग बसवता येते आणि ऑपरेशनही आहे. मूत्रमार्गाखाली पट्टी बसवतात, कधी कृत्रिम जाळीची, कधी स्वतःच्याच शरीरातल्या पडद्याची. किंवा मूत्रमार्गाजवळचा भाग टाके घालून वर उचलून घेतात. बऱ्याच जणींना त्याने चांगला गुण येतो. पण जाळीने काही बायकांना कायमचं दुखणं मागे लागलं. इंग्लंडमध्ये जुलै २०१८ पासून तिचा सरसकट वापर थांबवला गेला. म्हणून ऑपरेशन ठरलंच तर तीन प्रश्न विचारा: जाळी वापरणार का, ती काढायची वेळ आली तर निघते का, आणि त्याशिवाय दुसरा मार्ग कोणता. तुम्ही अजून तीन महिन्यांचा व्यायामही नीट केलेला नाही, तेव्हा आज या प्रश्नाने झोप घालवू नका.

नवऱ्याला

सांगा. सगळं एकदम नाही सांगवत तर एवढंच: ‘मला लघवी आवरत नाही, मी उपचार घेतेय, दिवसातून तीनदा दहा मिनिटं मला हाक मारू नका.’ ओले कपडे लपवून धुण्यात तुमची किती शक्ती जाते ते त्यांना ठाऊकच नाही. कोण जाणे, तेही रात्री तीनदा उठत असतील आणि बोलत नसतील. साठीच्या आसपास पुरुषांना प्रोस्टेटने हाच त्रास वेगळ्या तऱ्हेने होतो. तुमच्या आईला बोलायला कोणी नव्हतं. तुमच्या मुलीला मात्र हे सांगून ठेवा, तिच्या बाळंतपणानंतर तिला उपयोगी पडेल.

आणि सहल

मुलीला हो म्हणा. चार महिने आहेत, आजच्या तारखेपासून तीन महिने व्यायामाचे, उरलेला एक हाताशी. बस किती वेळाने थांबते ते आधी विचारून ठेवा. तोवर तुमचं अंतर अडीच-तीन तासांवर आलेलं असेल, तर दोन थांब्यांमध्ये निभावेल. जायच्या-यायच्या वाटेवरची सीट घ्या. पाणी बंद करू नका, दर तासाला थोडे घोट घ्या. चहा मात्र पोचल्यावर. बस थांबली की लगेच उठू नका. बसल्या जागी सहा वेळा आवळा-सोडा, मग उठा, आणि उठतानाही आवळून. हातातल्या पिशवीत दोन पॅड, एक जोडी कपडे, एक बंद होणारी प्लास्टिकची पिशवी. ती कदाचित न उघडताच परत येईल, पण जवळ असली की लक्ष खिडकीबाहेर राहतं.

वहीची तीन पानं झाली की मला पाठवा. आकडे बघून वेळा कशा बांधायच्या ते पुढच्या वेळी सांगते.

तुमची ताई